चौथा ढीग

भाताला आधण ठेवून मी ओसरीत बसले होते आणि घरं निवडत होते. तांदूळ निवडावेत तशी घरं.

हसू नका. आमच्याकडे त्या वर्षी हेच चाललं होतं. लग्न होऊन मी एकोडीहून आसगावला आले ती ऐन उन्हाळ्यात. धान निसवायला आलं तोवर सासरच्या गावातली बरीच घरं मला आतून ओळखीची झाली होती, एकाचाही उंबरा न ओलांडता. नव्या सुनेनं गावभर हिंडायचं नसतं. पण तिच्या मांडीवर कागद आणून टाकायला कोणाची ना नसते.

नागपूरच्या कुठल्याशा कॉलेजातले एक सर होते. खेड्यातलं घर दिवसभरात वीज कशी वापरतं, कधी किती, हे त्यांना पाहायचं होतं. त्यासाठी गावातल्या काही घरांत मीटरच्या बाजूला एकेक लोखंडी डबी बसवली होती. डबीत चावीचं घड्याळ, त्यावर फिरणारं कागदाचं रीळ आणि शाईची बारीक सुई. घरात बल्ब लागला की सुई वर चढायची, विझला की तळाला बसायची. रीळ चावीवर चालायचं, त्यामुळे लाइन गेली तरी ते फिरतच राहायचं आणि सुई तळाशी सरळ रेघ ओढत राहायची. ही रिळं बदलायचं काम आमच्या घरी होतं, म्हणजे ह्यांच्याकडे. नाव घ्यायचं तर उखाणा लागतो, पण लिहिताना चालतं: तेजराम. हात बसावा म्हणून एक डबी ह्यांनी आमच्याच मीटरला लावून घेतली होती.

रिळं आली की दिवसादिवसाच्या पट्ट्या कापायच्या आणि त्यांचे ढीग लावायचे. सरांनी पद्धत ह्यांना शिकवली, ह्यांनी मला शिकवली, आणि शिकवून झाल्यावर ते काम माझंच झालं.

"जात पाहाची नाई, मोहल्ला पाहाची नाई, घर पक्कं का मातीचं तेही नाई," हे म्हणाले. "फक्त रेघ पाहाची. जे रेघ जिच्यासारखी, ते तिच्या ढिगात."

आधी तीन पट्ट्या मनानं उचलून तीन जागी ठेवायच्या. मग बाकीच्या एकेक घ्यायच्या आणि जिच्याशी जास्त जुळेल तिच्यावर टाकायच्या. झालं की प्रत्येक ढिगाची मधली रेघ पातळ कागदावर काढायची आणि त्या रेघेशी ताडून सगळ्या पट्ट्या पुन्हा लावायच्या. तेव्हा काही पट्ट्या आपला ढीग सोडून दुसऱ्याकडे जातात. पुन्हा मधली रेघ, पुन्हा लावणं. एकही पट्टी जागची हलेनाशी झाली की काम संपलं.

सरांनी ढिगांना अ, ब, क म्हटलं होतं. माझी नावं वेगळी होती. पहिला ढीग सुनेचा: त्या घरांत सुई कोंबड्याच्या आधी उठायची. दुसरा बिनसुनेचा: तिथं पहाट सपाट आणि दिवेलागणीला एकच टेकडी. तिसरा पंख्याचा, दुपारी जेवून आडवं होणाऱ्यांचा. आमचं घर अर्थातच पहिल्यात.

"काय व सुनबाई," सासूबाई आतून म्हणाल्या, "कागदाचे पापड वाळू घालून राहिली का?"

"नाही माय. घरं लावून राहिली."

"आपलं घर लाव पह्यले. भात करपून राहिला."

इतकं साधं होतं सगळं.

मग डबी बसवलेल्या घरांपैकी एकीचे, चंद्रभागाबाईंचे, सासरे इश्वरबाबा गेले. म्हातारे होते, गावानं फार रडारड केली नाही. आमच्याकडे माणसाचा जीव जिथं जातो तिथं दहा दिवस दिवा ठेवतात. तो विझू द्यायचा नसतो. पूर्वी घरातलं कोणीतरी रात्रभर जागं राहून तेल घालत असे. वीज आली तसे लोक शहाणे झाले. तेल नको, जागरण नको, वाऱ्याचं भय नको. त्या जागेवर झिरोचा बल्ब टांगायचा, बटण दाबायचं आणि झोपायचं. फक्त रोज दुपारी लाइन जायची, हे कोणी हिशेबात धरलं नव्हतं.

सासूबाईंना हे पटलेलं नव्हतं. "दिवा इझला का मेलेलं मानूस भांबावते," त्या सुपात तांदूळ घोळवत म्हणाल्या. "मंग ज्या घरी उजेड दिसन त्या घरी जाते."

"दुपारी तर सगळीकडेच उजेड असतो, माय."

"तो तुमचा उजेड. त्याचा नाई."

चंद्रभागाबाईंच्या घरच्या पट्ट्या आल्या तेव्हा त्यात तो झिरो मला दिसला. तळापासून किंचित वर एक बारीक रेघ, रात्रंदिवस. आणि दुपारी लाइन गेली तिथं, दात पडल्यासारखी फट. ही पट्टी तीनही ढिगांत बसेना. मी पहिल्यात ठेवावी, मधली रेघ काढून पाहावी, की ती दुसऱ्याकडे सरके. तिथून तिसऱ्याकडे. शेवटी मी तिच्यासाठी चौथा ढीग केला. एकट्या घराचा ढीग, पण निदान हलत नव्हता.

त्याच खेपेच्या रिळांत आणखी एक पट्टी तशीच फिरायला लागली. ती धनीरामच्या घरची होती. धनीराम आमच्याच वयाचा, तलावावर जाळं टाकणारा. त्याच्या घरी कोणी गेलेलं नव्हतं. पहाट, संध्याकाळ, सगळं सुनेच्या ढिगासारखं. पण दुपारी, गावातली झाडून सगळी घरं तळाला बसलेली असताना, त्याच्या घरची सुई तळापासून किंचित उठली होती. बारीक रेघ. मग खाली.

मी ती पट्टी चंद्रभागाबाईंच्या पट्टीवर ठेवली आणि दोन्ही मिळून पडवीच्या उन्हात धरल्या. फटीत रेघ नेमकी बसली. इकडे जरा कमी नाही, तिकडे जरा जास्त नाही. पुढच्या दिवसाची पाहिली. तीही बसली.

तिथं दिवा विझत होता तेव्हा इथं लागत होता.

"अजी, हे पाहा न," मी ह्यांना म्हटलं. "लाइन नसताना ह्या घरी करंट कुठून आला?"

"तुह्या माहेराहून," हे म्हणाले. मग पट्टी निरखून म्हणाले, "सुई अडकली असन. फेकून दे ते."

"सर म्हणतात, फेकायचं नाही काही."

"मंग ठेव कुठंबी."

मी ती चौथ्या ढिगात ठेवली. आता तो ढीग एकट्याचा राहिला नव्हता.

धनीरामला थंडीताप भरला. त्या दिवसांत तो घरोघरी होता. धानाच्या बांधीत पाणी साचलेलं, तणसाच्या ओल्या पेंढ्यांना कुबट वास, डासांचे थवे. पवनीचे डॉक्टर सायकलवर येऊन गोळ्या देत आणि बहुतेक जण उठून कामाला लागत. धनीराम उठला नाही. त्याची बायको रेवता, माझ्यानंतर महिनाभरानं लग्न होऊन आलेली, तिनं त्याच्या जागेवर झिरो टांगला. तांबडा.

मी ह्यांना विनवलं की नवी रिळं लवकर आणा. हे ती घेऊन आले ते कुडकुडतच. रिळं ओसरीत टाकली, घोंगडी ओढली आणि आतल्या बाजेवर पडले.

मी कात्री घेतली. रेवताच्या घरची पट्टी: बारीक रेघ, दुपारी फट. ते ठाऊकच होतं. मग बाकीची घरं. एकेक पट्टी उलगडायची, दुपारच्या जागी बोट ठेवायचं. तळाला. पुढची. तळाला. माझा श्वास हळूहळू मोकळा होत चालला होता. एकच रीळ उरलं, आमचं.

मी बोट ठेवलं. बोटाखाली रेघ वर होती.

आतून ह्यांचे दात वाजल्याचा आवाज येत होता.

पहिल्यांदा मी जे केलं ते आठवलं की आजही माझंच मला हसू येतं. सकाळ होताच मी घरातले सगळे बल्ब लावले. शेजारून इस्त्री मागून आणली आणि रिकामीच तापवत बसले. वाटलं, आपल्या घराची रेघच बदलून टाकू. दुसऱ्याच कुठल्या ढिगासारखी करू, म्हणजे चौथा आपल्याला ओळखणार नाही. सासूबाई दारात उभ्या राहून पाहत होत्या. मग दुपारी लाइन गेली. बल्ब गेले, इस्त्री निवली. माझी सगळी हुशारी एका झटक्यात तळाला बसली.

मी डबीसमोर उभी राहिले. सुई खाली आली. क्षणभर थांबली. मग कोणी हलकेच बोट लावून उचलावी तशी वर झाली आणि कागदावर चालायला लागली... खर्र... खर्र... मी स्टूल ओढलं आणि फ्यूज काढून हातात घेतला. सुई चालतच होती. विझलेल्या वातीचा वास आला. आमच्या घरात त्या वेळी वात नव्हती.

"कोन आलं व?" हे बाजेवरून म्हणाले.

"कोणी नाही."

"बसाले सांग न मंग..."

त्यांचं अंग निखाऱ्यासारखं होतं. डॉक्टर सकाळी येऊन गेले होते. उद्यापर्यंत ताप उतरला नाही तर भंडाऱ्याला हलवा, म्हणाले होते. धनीरामलाही असंच म्हणाले होते.

मी सासूबाईंना सगळं सांगितलं. रेवताच्या घरची आणि आमची, दोन्ही पट्ट्या त्यांच्यापुढे धरल्या. त्यांना अक्षर येत नव्हतं, पण रेघेला अक्षर लागत नाही. त्यांनी फटीवरून अंगठा फिरवला, मग बाजेकडे पाहिलं. कोनाड्यातली जवसाच्या तेलाची बाटली काढून माझ्या हातात दिली.

"सुतकाच्या घरी नवी सून जात नाई," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "मांगच्या दारानं जा."

दुसऱ्या दिवशी दुपारच्या आधीच मी रेवताच्या घरी गेले. बाहेर लख्ख ऊन होतं आणि खोलीत रात्र. खिडकीला पोतं लावलेलं. मासळीचा जुना वास, शेणाच्या सारवणाचा नवा. कोपऱ्यात तो तांबडा ठिपका लोंबत होता आणि त्याखाली रेवता गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. तिच्या मोकळ्या मनगटांकडे मला पाहवेना. माझ्या हातातली लग्नाची हिरवी काकणं मी पदराखाली घेतली.

"दिवा आणला," मी म्हटलं. "तेलाचा."

"ठेवला तो दिवा बदलत नाई म्हनते."

"बदलत नाही. बाजूला ठेवते. हा गेला तर तो राहील."

तिनं माझ्याकडे पाहिलं. "तुले काहून पडली एवढी?"

"ह्यांना ताप आहे."

"ह्यायलेबी तापच होता," रेवता म्हणाली. आणि सरकून तिनं मला जागा दिली.

वात लावून मी तिच्याशेजारी बसले. मग तांबडा ठिपका गेला. गावातली कुठलीशी चक्की हळूहळू बंद पडल्याचा आवाज आला आणि सगळं थांबलं. खोलीत पणतीएवढा उजेड उरला. ज्योत एकदम आडवी झाली, दाराकडे ओढली गेली. मी दोन्ही हातांचा आडोसा केला. वारा नव्हता. हात भाजतील इतकी ती ओढत होती... मग सुटली, सरळ उभी राहिली.

आमच्या मागं बाज करकरली. एखादं दमलेलं माणूस टेकावं तशी. सुतकात त्या खोलीतली बाज बाहेर काढून भिंतीला उभी केलेली मी येताना पाहिली होती.

आम्ही दोघींनीही मागं वळून पाहिलं नाही.

"बसले," रेवता हळूच म्हणाली.

मी घरी आले तेव्हा आमची सुई तळाला होती. ह्यांची घोंगडी घामानं चिंब झाली होती आणि सासूबाई पदरानं त्यांचं कपाळ पुसत होत्या. पुसता पुसता म्हणाल्या, "इस्त्री देऊन ये ज्याची त्याले." त्यांच्यासाठी ते पुष्कळ होतं.

तेव्हापासून आम्ही वाटून घेतलं. रात्र रेवताची, दुपार माझी. ती रात्रभर जागून तेल घालायची आणि सूर्य वर आला की तिथंच भिंतीला टेकून झोपायची. मी जेवणं उरकून मागच्या दारानं जायची, लाइन जायच्या आधी पणती भरायची आणि लाइन येईपर्यंत बसायची. रोज ज्योत आडवी व्हायची, रोज सरळ व्हायची, रोज ती करकर. त्या आवाजाची मी वाट पाहायला लागले होते. इकडे हे पेज प्यायला लागले. उठून भिंतीला टेकून बसायला लागले. दहावा उद्यावर आला. दहाव्याला दिवा नदीला नेऊन सोडला की संपलं.

त्या दिवशी मी बाटली घेतली आणि ह्यांनी माझं मनगट धरलं.

"रोज कुठं जात राहते व दुपारची? आज नको जाऊ."

लग्न झाल्यापासून ह्यांनी दिवसाउजेडी, आईसमोर, माझा हात धरला नव्हता. त्यांची बोटं थंड होती, तापाची नव्हती. मला बसावंसं वाटलं. खरं सांगते, फक्त तेवढ्यापुरतं. मी टेकले.

आणि चक्की बंद पडल्याचा आवाज आला. लाइन त्या दिवशी लवकर गेली.

मी हात ओढला. ह्यांनी सोडला नाही. आजाऱ्याच्या हातात एवढं बळ कुठून आलं मला कळेना. "अजी, सोडा..." काकण पिचलं, काच मनगटात शिरली आणि मी सुटले. मागचं दार, नवी सून, काही आठवलं नाही. भर रस्त्यानं, डोक्यावर पदर नसलेली, धावले.

खोलीत अंधार होता. नुसता काळा, सपाट अंधार, आणि त्यात विझलेल्या वातीचा वास. रेवता तोंड उघडं टाकून झोपली होती. मी चाचपडत पणती शोधली. कोरडी होती. तेल सांडलं, काड्या मोडल्या. कशीबशी वात पेटली. ज्योत पहिल्यापासूनच सरळ उभी राहिली. आडवी झाली नाही, ओढली गेली नाही.

मी वाट पाहत बसले. लाइन आली, तांबडा ठिपका लागला, तरी बसून राहिले.

त्या दिवशी बाज करकरली नाही.

परत घरापाशी आले. दारातून रडण्याचा आवाज येईल म्हणून मी कान दिला. आवाज आला तो ताटलीचा. हे ओसरीत मांडी घालून बसले होते आणि भात जेवत होते. रंग आला होता तोंडावर. सासूबाई वाढत होत्या आणि त्यांच्या डोळ्यांना धार लागली होती.

"ये," त्या म्हणाल्या. "एकदम उठून बसला पाहाय. भूक लागली म्हनते."

मी खांबाला धरून रडले. सगळ्यांनी ते आनंदाचं धरलं. होतंही.

दहावा झाला. रेवता माहेरी गेली. पुढं सर स्वतः येऊन डब्या काढून घेऊन गेले, ढीग पाहून खूश झाले. तीनच नेले. चौथ्यातल्या पट्ट्या बाजूला सारून म्हणाले की यंत्रात दोष आहे, धरण्यासारखं नाही. मी त्या चुलीत घातल्या. हे खणखणीत बरे झाले होते, आधीपेक्षा जास्तच. रात्री झोप कमी लागायची त्यांना, एवढंच. झोपले तरी डोळ्यांवर हात आडवा घेऊन झोपायचे.

धान कापून घरात आलं होतं, तेव्हाची गोष्ट. दिवेलागण होऊन गेली होती. मी आत पीठ मळत होते, हे ओसरीत सदऱ्याला गुंडी लावायला बसले होते. सासूबाई कीर्तनाला गेलेल्या. लाइन गेली. अमावस्येच्या आसपासचे दिवस, डोळ्यांपुढं धरलेला स्वतःचा हात दिसेना. साऱ्या मोहल्ल्यातून "गेली, गेली" ऐकू आलं. मग कंदिलांच्या काचा वाजायला लागल्या.

मी भिंत चाचपत ओसरीत आले. काडेपेटी ह्यांच्याजवळच्या कोनाड्यात होती.

"लाइन गेली," मी म्हटलं. "तुम्ही हलू नका, सुई टोचेल."

"कधी गेली?" हे म्हणाले. आवाजात खरोखरचं नवल होतं.

मी जागच्या जागी थांबले. अंधारात दोरा कापडातून ओढल्याचा आवाज येत होता. सर्र... मग थांबणं. मग पुन्हा, सर्र... न अडखळता, नेमका, टाक्यावर टाका.

"अजी," मी म्हटलं, "तुम्हाला दिसतं?"

"काहून नाई दिसन?" दोरा तोडल्याचा आवाज आला. मग त्यांनी मान वर केली असावी, कारण आवाज थेट माझ्याकडे आला, जरा कावलेला, रोजच्यासारखा.

"सरक न जरा. उजेड अडवून राहिली."

मी सरकले.